नववी-दहावीच्या पोरांसाठी लायब्ररी लावावी का? आमच्या भागातल्या एका लायब्ररीचा रिव्ह्यू

लायब्ररी लावून वर्ष होत आलंय, आता लिहायला हरकत नाही. सोसायटीत, शाळेच्या गेटवर, भिशीत, सगळीकडे एकच ऐकते की आठवीनंतर पोरं वाचत नाहीत, हातात मोबाइल आला की पुस्तक सुटलंच, मग उगाच पैसे कशाला घालवायचे. मला हे पटत नाही आणि या लायब्ररीमुळे तर अजिबातच पटेनासं झालंय. पोरं वाचतात. त्यांचं पुस्तक त्यांना निवडू दिलं, नाही आवडलं तर अर्धवट सोडू दिलं आणि वाचून झाल्यावर तोंडी परीक्षा घेतली नाही तर भरपूर वाचतात. ही लायब्ररी नेमकं एवढंच करते, पण मनापासून करते, म्हणून माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

नाव मुद्दाम लिहीत नाहीये. चालवणाऱ्या काकूंनीच सांगितलं की जागा लहान आहे, आहेत त्या मेंबरांना आधी नीट पुस्तकं मिळू देत. आपल्या नाशिकमध्ये कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या मधल्या कॉलनीत एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर दोन खोल्या आहेत, तिकडे राहणाऱ्यांना कळेलच. बाकीच्यांनी हा रिव्ह्यू अशासाठी वाचा की तुम्ही इंदिरानगरला असा, सिडकोत असा नाहीतर नाशिकरोडला, आपल्या मोठ्या होणाऱ्या पोरासाठी लायब्ररी बघायला गेलात तर काय बघायचं ते कळेल.

आधी पैशाचं सांगते. डिपॉझिट ५०० रुपये, लायब्ररी सोडली की परत मिळतं. महिन्याला १५० रुपये आणि त्यात एका वेळी दोन पुस्तकं, एक मासिक. वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, शनिवारी सकाळीपण उघडी असते, सोमवारी बंद. शाळेतल्या मेंबरांना लेट फी नाही, काकूंचं म्हणणं असं की दंडाच्या भीतीने पोरं पुस्तक परत करायला येतच नाहीत, मग पुस्तकही जातं आणि मेंबरही जातो. हे मला फार पटलं.

आता मुख्य गोष्ट, मोठ्या मुलांचं कपाट. बऱ्याच ठिकाणी बालविभाग आणि मोठ्यांचा विभाग असे दोनच भाग असतात. तेरा-चौदा वर्षांचं पोरगं बालविभाग लिहिलेल्या पाटीखाली उभं राहायला लाजतं, तिथे छोट्या खुर्च्या, भिंतीवर सशाची चित्रं, शेजारी पहिलीतलं पोर चित्रं बघत बसलेलं, आणि मोठ्यांच्या विभागात गेलं तर सहाशे पानांच्या कादंबऱ्या तपकिरी कव्हर घालून ओळीने उभ्या, कुठली काय आहे काही कळत नाही. ते बिचारं दहा मिनिटं फिरतं आणि रिकाम्या हाताने घरी येतं आणि आपण म्हणतो याला वाचायची आवडच नाही. इथे दारातून आत आलं की उजव्या हाताला एक कपाट आहे ज्याच्यावर पाटीच नाही. सगळ्यांना माहितीये ते कुणाचं आहे. पुस्तकांना पारदर्शक प्लास्टिकची कव्हरं घातलीत त्यामुळे मुखपृष्ठ दिसतं, आणि पोरं मुखपृष्ठ बघूनच पुस्तक उचलतात, यात वाईट काय आहे, आपण साडी रंग बघूनच काढायला सांगतो की. वरच्या फळीवर बारीक पुस्तकं, खाली जाडी वाढत जाते. मराठी आणि इंग्रजी वेगळं ठेवलेलं नाही, सगळं मिसळून आहे. मला आधी हे जरा विचित्र वाटलं होतं पण त्यामागे विचार आहे, इंग्लिश मीडियमचं पोरगं इंग्रजी शोधता शोधता मराठी पुस्तकही हातात घेऊन बघतं, वेगळी रांग असती तर तिकडे फिरकलंच नसतं.

आणि चिठ्ठी! प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पानाला एक कोरी चिठ्ठी चिकटवलेली असते, वाचलं की एक ओळ लिहायची, नाव लिहायचं तर लिहा नाहीतर नका लिहू. सक्ती नाही. एका चिठ्ठीवर कुणीतरी लिहिलं होतं, चौथ्या प्रकरणापर्यंत बोअर आहे नंतर थांबता येत नाही. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, मला तर पहिल्यापासूनच आवडलं तू घाई करतो. त्याखाली तिसरीने लिहिलंय, शेवट सांगू नका कुणी प्लीज. माझी मुलगी आधी चिठ्ठी वाचते मग पुस्तक ठरवते. आपण कितीही सांगा हे वाच छान आहे, ती मान डोलावते आणि ठेवून देते, पण अनोळखी दादाताईंनी लिहिलेल्या एका ओळीवर विश्वास ठेवते. या वयात असंच असणार.

मुलगी नववीत आहे, इंग्लिश मीडियम. घरी मराठीच बोलतो आम्ही पण मराठी वाचायचा तिचा स्पीड कमी आहे, आणि मला वाटतं नाशिकमधल्या अर्ध्या घरांत हेच चाललंय. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली, चांगलंच झालं, पण त्यातून धडा आणि प्रश्नोत्तरं येतात, स्पीड येत नाही. स्पीड येतो तो भरपूर वाचून, आणि भरपूर वाचलं जातं ते मजा आली तरच. हळू वाचणाऱ्याला गोष्टीची मजा येत नाही कारण वाक्य संपेपर्यंत आधीचं विसरायला होतं, जोडाक्षरावर अडायला होतं, आणि मग पोर म्हणतं मराठी बोअर आहे. मराठी बोअर नसते हो, त्याला अजून वेगाने वाचता येत नसतं एवढंच.

तिने पहिल्यांदा आजोबांच्या सांगण्यावरून एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी घेतली होती. तिसऱ्या दिवशी परत. मला वाटलं काकू आता काहीतरी बोलणार, एवढ्यात झालं का वगैरे. काकूंनी फक्त विचारलं, कुठे अडलं गं? ती म्हणाली माणसं खूप आहेत नावं लक्षात राहत नाहीत. काकू म्हणाल्या मग आपण कमी माणसांचं बघू. बास. असं विचारणारं माणूस लायब्ररीत असणं हीच खरी सर्व्हिस आहे. मग तिला जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा दिल्या, छोट्या छोट्या, एका बैठकीत संपणाऱ्या. आणि देताना एक किस्सा सांगितला, की १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी आपली कथा स्वतःच्या नावाने पाठवलीच नाही, नाव बघून नंबर देतील म्हणून आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं, आणि तरी बक्षीस मिळालं. २०२१ ला आपल्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे तेच अध्यक्ष होते हे पण सांगितलं. पोरीने गाडीवर मागे बसल्या बसल्याच पुस्तक उघडलं. त्या आठवड्यात दोन वेळा मला म्हणाली की मम्मी हे असं खरंच होऊ शकतं का, आणि मला उत्तर येत नव्हतं तर तिने फिजिक्सच्या सरांना विचारलं.

दुसरं उदाहरण श्यामची आई. आपल्याकडे हे पुस्तक पोरांना काढा पाजतात तसं देतात, वाच म्हणजे जरा वळण लागेल. मग पोर कसं वाचेल आवडीने. आमच्या घरातही कपाटात होतंच की, कुणी हात लावत नव्हतं. काकूंनी काय सांगितलं तर साने गुरुजींनी हे १९३३ साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, काही दिवसांत, रात्री बाकीचे झोपले तरी लिहीत बसायचे. वळणबिळण काही नाही. तुरुंगात बसलेला माणूस आईबद्दल लिहितोय, एवढं कळल्यावर हिने घरी येऊन आपणहून ते पुस्तक काढलं. पूर्ण वाचलं का तर नाही, काही प्रकरणं वाचली, दोन परत वाचली, बाकीचं राहिलंय. राहू दे.

आता दिराच्या मुलाबद्दल. तो अकरावीत, जेईईचे क्लासेस, सकाळी सहाला बाहेर पडतो तो रात्री आठला येतो. घरात सगळे म्हणतात हा काही वाचत नाही. आणि तो रात्री उशीपाशी मोबाइल धरून तासभर मांगा वाचत असतो, जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचायच्या, शेकडो भाग, त्यातली पंचवीस-तीस पात्रं, त्यांची घराणी, कोण कुणाशी का लढतंय सगळं त्याला तोंडपाठ. याला वाचन म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? माझ्या सासऱ्यांनाही ते पटवून दिलं मी, ते स्वतः लहानपणी रहस्यकथा अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायचे. लायब्ररीत मांगा ठेवलेत ही मोठी गोष्ट, फार कमी ठिकाणी ठेवतात. पण इथे माझी तक्रार आहे, सेट पूर्ण नाहीत. मधलेच भाग गायब. पोरगं पाचवा भाग वाचून येतं आणि सहावा नसतो, सातवा असतो, मग ते मोबाइलकडे जाणारच. महाग असतात मान्य आहे, पण मग दहा अर्धवट सेटांपेक्षा तीन पूर्ण घ्यावेत. काकूंना सांगितलंय.

मध्ये मी जरा वाचलं याबद्दल, बाहेरच्या देशांत काय चाललंय ते. अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांना विचारतात की मजेसाठी जवळजवळ रोज वाचता का, तर २०१२ ला २७ टक्के हो म्हणाले होते आणि २०२३ ला १४ टक्के, म्हणजे जवळपास निम्म्यावर. ब्रिटनमध्ये नॅशनल लिटरसी ट्रस्टच्या २०२५ च्या सर्व्हेत आठ ते अठरा वयाच्या मुलांपैकी साधारण तीनातल्या एकालाच फावल्या वेळात वाचायला आवडतं असं आलं, २००५ पासूनचा सगळ्यात कमी आकडा. हे वाचून वाईट वाटतं, पण तीनातला एक म्हणजे वर्गात साठ पोरं असतील तर वीस झाली, वीस कमी नाहीत, त्या विसांना पुस्तक कुठे मिळतंय ते आधी बघायला पाहिजे. आणि आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे. असर म्हणजे प्रथम संस्थेचा शिक्षणाबद्दलचा सर्व्हे, त्याचा २०२३ चा रिपोर्ट, ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांचा, त्यात साधारण २५ टक्के मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सुद्धा सलग वाचता आला नाही. त्यांना आवड नाही असं कसं म्हणणार, त्यांच्यापर्यंत वाचनच पोचलेलं नाही. लायब्ररीत जवळच्या मनपा शाळेतल्या दोघी मुली येतात, त्यांच्याकडून काकू पैसे घेत नाहीत, त्या तिथेच बसून मोठ्याने वाचतात आणि कुणी शू शू करत नाही. शांतता राखाची पाटी नाहीये इथे, हे पण लिहायचं राहिलं होतं.

वेळ हा खरा प्रश्न आहे. मोबाइलला सगळे शिव्या देतात पण नववीपासून पोरांचा दिवस बघा ना. शाळा, क्लास, क्लासची टेस्ट, त्याचं होमवर्क, कॅनडा कॉर्नरला संध्याकाळी सातला उभं राहा, पाठीवर बॅगा घेतलेली शेकडो पोरं एका क्लासमधून दुसऱ्या क्लासला जाताना दिसतात. घरी आल्यावर डोकं शिणलेलं असतं, त्यात हाताशी जे सगळ्यात सोपं असतं ते उचललं जातं, म्हणजे रील. पुस्तक हाताशी असेल तर कधीकधी पुस्तकही उचललं जातं. काकू सांगत होत्या की नववीच्या शेवटापासून मेंबर गळायला लागतात, दहावीच्या जूनमध्ये तर पालक स्वतः येऊन नाव काढतात, आता वर्षभर पुस्तक नको अभ्यासाचं बघू दे. एका बाईंनी माझ्यासमोर पोराचं कार्ड परत केलं, पोरगं शेजारी उभं, हातातलं पुस्तक अजून वाचायचं बाकी होतं, काकूंनी ते तसंच त्याला राहू दे म्हणून दिलं. मला फार राग आला, बोलले नाही. दिवसातली वीस मिनिटं गोष्टीचं पुस्तक वाचलं तर दहावीचं काय बिघडणार आहे, उलट उतारा वाचून उत्तरं लिहायला मदतच होईल, पण तेही कारण द्यायची गरज नाही खरंतर, पोराला आवडतं हे कारण पुरेसं असायला पाहिजे. लायब्ररीत होल्डची सोय आहे, म्हणजे परीक्षेच्या काळात पैसे भरायचे नाहीत पण कार्ड चालू, आणि हवं तर तिथे येऊन बसून वाचायचं. चांगली सोय आहे, नाव काढण्याआधी विचारा.

शाळांबद्दल एकच. १५ ऑक्टोबर, कलामांचा वाढदिवस, २०१५ पासून आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन असतो. कल्पना चांगली आहे, पण बऱ्याच ठिकाणी पोरांच्या हातात पुस्तकं देऊन फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी या पुस्तकातून मी काय शिकलो यावर दहा ओळी. तिथेच मजा संपते. लायब्ररीत त्या दिवशी काय असतं तर दार नेहमीपेक्षा तासभर जास्त उघडं असतं आणि त्या दिवशी वाटेल तेवढी पुस्तकं नेता येतात. पोरं पिशव्या घेऊन येतात.

दिवाळी अंकांची योजना वेगळी आहे, थोडे जास्त पैसे भरले की संक्रांतीपर्यंत अंक बदलून बदलून नेता येतात, मुलांचे अंकही असतात. किशोर मासिक येतं. ते बालभारती १९७१ पासून काढतेय आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या साइटवर फुकट वाचायला ठेवलेत, ज्यांना लायब्ररी लांब पडते त्यांनी ते नक्की बघा, माझ्या सासूबाईंनी त्यात आपल्या लहानपणीचे अंक शोधून काढले आणि मग आजी-नात दोघी टॅब घेऊन बसल्या.

तक्रारी अजून आहेत. पार्किंग नाही, गल्लीत गाडी लावली की शेजारचे येतात. आतली खोली एप्रिल-मेमध्ये तापते, एकच पंखा आणि तो पण कोपऱ्यात. पुस्तकांची यादी रजिस्टरमध्ये, आपल्याला हवं ते आहे का हे काकूंना व्हॉट्सॲपवर विचारावं लागतं आणि उत्तर कधी लगेच कधी दोन दिवसांनी. काकू नसतात तेव्हा जी मुलगी असते ती चांगली आहे पण फक्त नोंद करते, पुस्तकांबद्दल बोलत नाही, त्या दिवशी माझी लेक पाच मिनिटांत बाहेर येते. त्या मुलीला थोडं वाचायला दिलं पाहिजे आधी. आणि मराठीत या वयाची नवी पुस्तकं कपाटात कमी आहेत. याचा दोष फक्त लायब्ररीला देता येणार नाही, लहान मुलांसाठी मराठीत सुंदर सुंदर पुस्तकं येतायत, मोठ्यांसाठी तर आहेतच, पण चौदा-पंधराच्या पोरांचं आजचं जग, क्लास, मैत्री, घरातली भांडणं, मोबाइल, हे असलेल्या मराठी कादंबऱ्या शोधून शोधून काढाव्या लागतात. ज्या आहेत त्यांच्यावर वेटिंग असतं, म्हणजे वाचणारे आहेतच ना. प्रकाशकांनी हे कधीतरी येऊन बघावं.

कुणी म्हणेल मोठ्या वाचनालयात का नाही गेलात. जायलाच पाहिजे, सार्वजनिक वाचनालय म्हणजे आपलं सावाना १८४० सालचं आहे, आपल्या शहरात अशी संस्था आहे याचा मला अभिमान आहे, पुस्तकांचा साठा तिथे जेवढा आहे त्याची बरोबरी दोन खोल्या करूच शकत नाहीत. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ग्रंथ तुमच्या दारी योजना २००९ पासून आहे, पुस्तकांच्या पेट्या सोसायटीत येतात, त्याचीही चौकशी करा, आमच्या बिल्डिंगसाठी मी करतेय. पण नववीतल्या पोरीला सायकलवर एकटीने जाता येईल इतक्या जवळ एक छोटी जागा असणं हे वेगळं काम करतं. ती तिथे माझ्याशिवाय जाते. माझ्यासमोर ती जे पुस्तक घेणार नाही ते तिथे घेते, आणि काय घेतलं ते मी विचारत नाही. टेबलावर पडलेलं दिसलं की कळतं.

जाणार असाल तर शनिवारी सकाळी दहाच्या आसपास पाठवा, शुक्रवारी परत आलेली पुस्तकं तोपर्यंत कपाटात लागलेली असतात आणि काकूंना बोलायला वेळ असतो. तुम्ही आत जाऊ नका, पहिल्या दिवशी फॉर्म भरायला गेलात तेवढं पुरे. आमचं पुढच्या वर्षाचं भरून झालंय. पुतण्याचं कार्डही काढलंय, त्याची जेईई जानेवारीत आणि एप्रिलमध्ये असणार पुढच्या वर्षी, जाऊबाई म्हणतात तेव्हा कार्ड होल्डवर टाकू, मी म्हणते नको टाकूया, बघू, बोलणं चालू आहे.